अनोळखी माणसाकडे मदत मागताना: आनंदीबाईंचा अर्ज

आपल्या जुन्या पत्रांच्या मायन्यातच विनंती असते. 'कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.' म्हणजे काय मागायचंय ते सांगण्याआधीच एक विनंती होऊन जाते, आणि खरं काम तिसऱ्या परिच्छेदात हळूच डोकावतं. ओळखीच्या माणसाशी हे चालून जातं, कारण उरलेलं त्याला ठाऊक असतं. अनोळखी माणसाला मात्र कागदावर असेल तेवढंच दिसतं. आज तर आपण सगळेच रोज न पाहिलेल्या माणसांना मदतीसाठी लिहितो. म्हणून दोन जुनी पत्रं तुमच्यापुढे ठेवतो.

पहिलं गोपाळराव जोशी यांचं. टपाल खात्यातला हा कारकून. रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला त्यांनी लिहिलं. बायकोच्या शिक्षणाला मदत हवी, आणि स्वतःला अमेरिकेत योग्य नोकरीही हवी. वाइल्डरसाहेबांचं उत्तर असं की ख्रिस्ती व्हा, मग मदत करू. शिवाय हा पत्रव्यवहार त्यांनी आपल्या मासिकात छापून टाकला. १८८० च्या सुमारास न्यू जर्सीतल्या थिओडोसिया कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या. त्यांच्या हाती तो अंक आला. पत्र त्यांना लिहिलेलं नव्हतं, तरी त्यातलं शिकू पाहणाऱ्या मुलीचं मागणं त्यांना भिडलं. नोकरीचा मुद्दा बाजूला पडला. एका पत्रात दोन मागण्या घातल्या, की कुठली ऐकायची हे वाचणारा ठरवतो!

दुसरं पत्र स्वतः आनंदीबाईंचं. जून १८८३ मध्ये त्या अमेरिकेत पोचल्या आणि २८ जूनला, कार्पेंटरबाईंच्या रोझेल गावाहून, त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला अर्ज केला. वय अवघं अठरा. अर्ज छोटा आहे, पण मला तो तर्कशास्त्राच्या पाठासारखा वाटतो. प्रवेश हवा हे सुरुवातीलाच सांगितलंय. तुमच्या सगळ्या अटी मी पूर्ण करत नसेन, हे त्या स्वतःच कबूल करतात आणि माझी परिस्थिती वेगळी आहे म्हणून सवलत द्या, असं म्हणतात. पुढे कारण येतं: माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचंय. आप्तांचा आणि जातीचा विरोध त्या सांगतात, पण त्याचं रडगाणं नाही. निर्धाराचा पुरावा म्हणून तो येतो. समितीला हो किंवा नाही म्हणायला जे लागतं ते बहुतेक सगळं तिथे आहे. प्रवेश मिळाला.

'बहुतेक' म्हणालो ते मुद्दाम. माझी प्रकृती चांगली आहे, असंही त्या अर्जात लिहिलंय. भारतात असताना डोकेदुखी, ताप, अशक्तपणा त्यांच्या मागे लागलेला होता. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधं पाठवली होती. याला खोटं म्हणायला माझी जीभ धजत नाही. उणीव कबूल केली तर सवलत मिळू शकते, पण आजार कबूल केला तर दारच बंद, हे त्यांना कळलं असणार. स्पष्ट लिहिणाऱ्यालाही स्पष्टपणा कुठवर परवडतो, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गात मी अनेकदा टाळला. इथे टाळता येत नाही.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्या गेल्या, बावीस पूर्ण व्हायच्या आत. अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीला, त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत, त्या ठेवलेल्या आहेत.