बिनआट्यांची नळी

दसऱ्याच्या शस्त्रपूजेत ठासणीची बंदूक मांडली, की आमच्याकडं कुणीतरी म्हणणारच, ‘सत्तावन्नच्या बंडातली एन्फिल्ड हाय ही!’ लगेच मान डोलवू नये. आधी गज घालून नळी रिकामी आहे ना, ते बघावं. जुन्या ठासणीत दारू राहून गेलेली असू शकते. मग आत उजेड पाडावा.

1853 ची एन्फिल्ड 0.577 इंच नळीची. आत तीन पिळदार आटे, मागची शिस्त शिडीसारखी उभी होणारी. आत गुळगुळीत दिसलं, की लोक म्हणतात, ‘आटे झिजले.’ पण झिजून नळी 0.656 इंच होत नाही. बंडानंतर इंग्रजांनी देशी शिपायांसाठी मुद्दाम एवढ्या नळीची, बिनआट्यांची बंदूक काढली. शिस्तही जागच्या जागी पक्की. गोऱ्याच्या हाती लांबचा नेम साधणारी रायफल, आपल्या माणसाच्या हाती शंभर पावलांपुढं भरवसा नसलेली नळी! शिस्त शिडीची आणि नळी गुळगुळीत असेल, तर मात्र मागाहून कुणीतरी छऱ्यांसाठी कोरून घेतली असावी.

पुढं पोलिसांसाठी आणि पहारेकऱ्यांसाठी ईशापूरच्या कारखान्यात ली-एन्फिल्डच्याही .410 च्या बिनआट्यांच्या मस्कती झाल्या. एका वेळी एकच काडतूस. बाकीच्यांच्या जागी लाकडाचा ठोकळा.