बिल्ला खरा की खोटा?

मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून आपल्या बेळगावात आहे. त्यामुळे इथल्या पेठांतल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या कितीतरी घरांत, जुन्या ट्रंकेत नाहीतर देवघराच्या फळीवर, पणजोबांचा एखादा पितळी बिल्ला सापडतो. आम्हाला असे बिल्ले जमवण्याचा नाद लागून पाच-सहा वर्षे झाली. नोकरी सरकारी, शिक्षण डिप्लोमाचे. इतिहासकार असल्याचा आव आम्ही आणत नाही. व्हर्नियरने माप घेता येते आणि फसलो ते कबूल करता येते, एवढ्याच भांडवलावर हे लिहीत आहोत.

पहिली फसगत मुंबईच्या जुन्या बाजारात झाली. ‘१०३’ आकड्याचा मराठा पलटणीचा बिल्ला, वर राणी व्हिक्टोरियाचा मुकुट. विकणाऱ्याने कुटच्या वेढ्याची गोष्ट रंगवून सांगितली. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात मेसोपोटेमियातल्या कुट गावी १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी खरोखरच तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या होत्या. आम्ही भारावून अडीच हजार रुपये मोजले. घरी येऊन पुस्तक उघडले आणि कपाळावर हात मारला. ही पलटण १७६८ सालची, पण तिला १०३ हा आकडा मिळाला १९०३ मध्ये, लॉर्ड किचनरनी पलटणींना नवे क्रमांक दिले तेव्हा. राणी तर जानेवारी १९०१ मध्येच वारली होती. गोष्ट खरी होती, बिल्ला खोटा.

तेव्हापासून आम्ही आधी मुकुट पाहतो. व्हिक्टोरियाच्या मुकुटाच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या असतात. १९०१ नंतरच्या राजांच्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या गोल चढतात. १९५० मध्ये भारत प्रजासत्ताक झाला आणि मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. एलिझाबेथ राणी झाली १९५२ मध्ये. तिच्या मुकुटाच्या कमानीही दबलेल्याच, पण तो भारतीय पलटणीच्या बिल्ल्यावर येण्याचा प्रश्नच नव्हता. मग आकडा पाहायचा. १९२२ मध्ये सहा मराठा पलटणी एकत्र करून ‘५ वी मराठा लाइट इन्फंट्री’ झाली आणि १९४५ मध्ये तो ‘५’ गळाला. म्हणजे ‘५’ आणि दबलेल्या कमानी एकाच बिल्ल्यावर दिसल्या की पाकीट खिशातच ठेवावे.

यानंतर बिल्ला उलटा करावा. ठशाखाली पत्रा दाबून केलेल्या बिल्ल्याच्या पाठीवर पुढच्या नक्षीचा खोलगट उलटा आकार उमटतो. अस्सल बिल्ल्यावरून साचा घेऊन ओतलेली नक्कल पाठीमागे बहुधा सपाट, खरबरीत असते, तिला टाचणीच्या टोकाएवढी भोके असतात. आणि पितळ थंड होताना आकसते म्हणून ती मूळ बिल्ल्यापेक्षा किंचित लहान भरते. व्हर्नियर इथेच उपयोगी पडतो.

एवढे शिकलो आणि आम्हाला वाटू लागले की आपल्याला सगळे कळते. गेल्या वर्षी मंडळाने मंडपाशेजारी घरोघरच्या जुन्या वस्तू मांडल्या होत्या. आमच्याच गल्लीतल्या एक आजी सासऱ्यांचा बिल्ला रुमालात गुंडाळून घेऊन आल्या. सासरे दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. आम्ही बिल्ला उलटा केला: ओतीव, पाठ खरबरीत, बिगुलाची कड ओबडधोबड. चार लोकांसमोर सांगून टाकले, “आजी, हा खरा नाही.” त्या काही बोलल्या नाहीत. रुमालाची गाठ मारली आणि गेल्या.

पुढे एका निवृत्त सुभेदारांकडे हा विषय निघाला. ते हसले. म्हणाले, “बिल्ला हरवला तर परेडला शिक्षा कोण खाणार? बाजारातल्या कारागिराकडून ओतून घ्यायचा आणि लावायचा.” मग आम्ही वाचत गेलो. हिंदुस्थानी पलटणींसाठी इथेच, बाजारात ओतलेले बिल्लेही वापरात होते. ओतीव म्हणजे नकली, हा आमचा नियम विलायती बिल्ल्यांवरून घेतलेला. तो इथे जसाच्या तसा लावायचा नव्हता.

श्रावणात आजींच्या घरी गेलो, क्षमा मागितली आणि बिल्ला पुन्हा पाहायला मागितला. या वेळी व्हर्नियर नेला नव्हता. मुकुट राजाचा, घुमटासारखा, खाली ‘५’. वर्षानुवर्षे घासून-पुसून मुकुटाचे मणी झिजून सपाट झालेले, खाचांत मात्र काळा मळ घट्ट बसलेला. आम्लात बुडवून जुनी केलेली नक्कल उंच-सखल सगळीकडे सारखीच काळवंडते. अशी झीज तिला येत नाही. पाठीमागची एक कडी तुटून पुन्हा डाग दिलेली होती. नुसते दाखवायचे असते तर ती कोण दुरुस्त करत बसले असते?

“आजी, हा खराच आहे. चूक आमची झाली.”

“मला कुठं विचारायचं होतं तुला?” त्या म्हणाल्या. “मामंजी रोज सकाळी चिंचेनं घासायचे. मी बघितलंय.”

यंदा बिल्ला मंडपाशेजारच्या पहिल्याच कपाटात आहे. खालच्या चिठ्ठीवर काय लिहायचे ते आजींनीच सांगितले: सासऱ्यांचे नाव, गाव आणि ‘इटली’. रुमाल मात्र काढू दिला नाही. बिल्ला त्याच्यावरच ठेवला आहे.