पुढच्या ब्रेकची सोयरीक

पुण्याहून पौडच्या रस्त्याला लागलं, की चांदणी चौक, भूगाव, भुकूम असं करत करत एक घाट लागतो आणि तो उतरलं की पिरंगुट येतं. याला घाट म्हणणं हा खरं म्हणजे सह्याद्रीचा अपमान आहे. बोरघाट, वरंधा, आंबा ही मंडळी पंक्तीला बसली, तर या घाटाला पाटसुद्धा मिळणार नाही. पण माझ्या हातून आजवर जी काही देवभक्ती झाली, ती निम्म्याहून अधिक याच घाटात झाली आहे. कारण रोज सकाळी पावणेदहाला बँकेच्या पिरंगुट शाखेत हजर होण्यासाठी मी हा घाट एका जीपमधून उतरत असे, आणि त्या जीपला ब्रेक आहेत अशी नुसती वदंता होती.

जीप मूळची माझी नव्हे, सासऱ्यांची. नाना पाटबंधारे खात्यात होते. खात्याच्या लिलावात निघालेली जीप त्यांनी घेतली आणि मुलगी दिल्यानंतर बारा वर्षांनी ती माझ्या स्वाधीन केली. म्हणजे मुलीच्या बाबतीत त्यांनी जेवढा विचार केला, त्याहून बारा वर्षं अधिक जीपच्या बाबतीत केला. ती विकायची सोय नव्हती. "बाबांची जीप आहे ती," हे वाक्य आमच्या घरात घटनेच्या कलमासारखं वापरलं जातं.

या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक. ज्यांनी ते पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगतो : चाकाच्या आत तोंड खाली घातलेल्या पातेल्यासारखा एक ड्रम असतो, आत दोन अर्धगोल शू असतात, त्यांवर लायनर. पाय दाबला की शू फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. योजना चांगली आहे. फक्त एकदा ड्रममध्ये पाणी शिरलं, की ते लवकर बाहेर येत नाही. आणि मुळशी तालुक्यात जून ते सप्टेंबर पाणी कुठे शिरत नाही? ओढ्यातून गाडी काढली, की पुढचा उजवा ब्रेक संपावर जायचा आणि डावा एकटाच कामावर यायचा. परिणामी ब्रेक दाबला की आमची जीप एकदम डाव्या विचारसरणीची व्हायची. एकदा ती अशी एका रसवंतिगृहात शिरता शिरता राहिली. मालक म्हणाला, "या साहेब, गाडी बाहेर लावली असती तरी चाललं असतं."

शेवटी मी पिरंगुटातल्या एका मिस्त्रीकडे गेलो. त्यानं पाना खाली ठेवला, जीपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं (दोघांनाही त्यानं सारख्याच करुणेनं पाहिलं) आणि म्हणाला, "साहेब, लायनर किती वेळा बदलायचे? पुढं डिस्क टाकू. लिलावातली एक मिलिट्रीची जिप्सी फोडली मी. तिच्या डिस्का, कॅलिपर, समदं पडलंय."

महिंद्राच्या जीपला मारुतीच्या जिप्सीचे ब्रेक! मला आंतरजातीय विवाहाला वडीलधाऱ्यांची संमती मागायला निघाल्यासारखं वाटलं. नाना ऐंशीच्या घरातले. ते एवढंच म्हणाले, "ब्रेक थांबायला असतात, उतरायला नसतात. ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. मग लायनर जळत नाहीत." पुढे पेपर वाचू लागले.

आता कॉमर्सच्या माणसाला खर्चाच्या व्हाउचरवर सही करण्याआधी पूर्वपीठिका लागते. म्हणून मी ब्रेकचा इतिहास वाचायला घेतला आणि काय सांगू, या खानदानात शुद्ध रक्ताचा एकही माणूस सापडेना.

सुरुवातच पाहा. १८८८ साली जर्मनीत बेर्था बेंझ नावाची बाई नवऱ्यानं तयार केलेली मोटारगाडी त्याला न विचारता घेऊन, दोन मुलांसह मानहाइमहून फोर्ट्सहाइमला माहेरी गेली. मोटारीचा जगातला पहिला लांबचा प्रवास तो हाच. (माहेरी जाण्याच्या निश्चयापुढे तंत्रज्ञानाच्या मर्यादा टिकत नाहीत, हे मी अनुभवानं सांगू शकतो.) वाटेत पेट्रोलची नळी तुंबली, ती बाईंनी टोपीच्या पिनेनं मोकळी केली. एका तारेचं आवरण गेलं. तिथे मोज्याचा बंद वापरला. आणि उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा एका गावात चांभाराला गाठून ब्रेकवर चामडं ठोकून घेतलं. जगातलं पहिलं ब्रेक लायनर ते हेच. म्हणजे मोटारीच्या ब्रेकला पहिला सुटा भाग आला तो दुसऱ्या मोटारीचासुद्धा नव्हे, चपलेचा!

पुढे इंग्लंडातही तीच तऱ्हा. डर्बीशरच्या डोंगराळ मुलखातले गाडीवान उतारावर ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट बांधत. ते पाहून हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थाला लायनरचा धंदा सुचला, असं सांगतात. १८९७ साली त्यानं सुरुवात केली, आणि आपल्याच आडनावाची अक्षरं उलटसुलट करून, वर एक अक्षर घालून, मालाचं नाव ठेवलं ‘फेरोडो’. चामडं काय, बूट काय. मला तर आता ‘ब्रेक शू’ या शब्दाकडे वेगळ्याच नजरेनं पाहावंसं वाटतं.

बरं, एवढं करून ब्रेक असत ते मागच्या चाकांनाच. पुढच्या चाकांना ब्रेक लावायचा म्हणजे गाडी कोलांटी खाणार, अशी भल्याभल्यांची समजूत होती. वास्तविक ब्रेक मारला की गाडीचा सगळा भार पुढे येतो, हे उभ्यानं प्रवास करणाऱ्या कोणाही एस.टी. प्रवाशानं सांगितलं असतं. थांबवण्याचं बरंचसं काम पुढच्या चाकांनीच करायचं असतं. तरीही इटलीच्या इसोत्ता फ्रास्कीनीनं १९१० साली चारही चाकांना ब्रेक दिले आणि त्यानंतर रोल्स-रॉइससारख्या घराण्याला ती गोष्ट पटायला १९२४ साल उजाडलं. तोवर ज्यांनी असे ब्रेक घेतले, ते गाडीच्या मागे लाल त्रिकोणाची पाटी लावत. हेतू हा, की ही गाडी खरोखरच थांबते, तेव्हा मागच्यानं जपून असावं. माझ्या जीपला याच्या नेमकी उलटी पाटी हवी होती आणि तीही पुढच्या बाजूला.

डिस्कची कथा आणखी गमतीची. चाकाबरोबर फिरणारी उघडी थाळी दोन बाजूंनी चिमटीत धरायची, ही कल्पना इंग्लंडच्या लँचेस्टरनं १९०२ सालीच पेटंट करून ठेवली होती. पण त्याच्या पट्ट्या तांब्याच्या. त्या अशा किंचाळत, की गाडी थांबण्याआधी माणसं थांबत. कल्पना पडून राहिली ती पार विमानांना गरज लागेपर्यंत. विमानाची चाकं धावपट्टीवर उतरताना जो वेग असतो, तो लहानशा ड्रमला मानवत नाही. वेग दुप्पट झाला की जिरवायची शक्ती चौपट होते. (चक्रवाढ व्याज माणसाला बुडवतं हे ठाऊक होतं; हा त्याचाच मामेभाऊ.) ती सगळी शक्ती उष्णता होऊन ब्रेकमध्ये उतरते. तापलेला ड्रम फुगून शूपासून दूर जातो, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी पाहुण्यासारखा मागे सरकतो. उघडी डिस्क वाऱ्यावर निवते, पाणी झटकते. विमानाच्या डिस्कवर हात बसलेल्या डनलॉपनं त्या जॅग्वारच्या शर्यतीच्या गाडीला दिल्या आणि १९५३ साली ल मांसची चोवीस तासांची शर्यत जॅग्वारनं मारली. दोनच वर्षांनी सित्रोएननं घरगुती गाडीला पुढे डिस्क बसवल्या. म्हणजे विमानाचं मोटारीला चालतं आणि जिप्सीचं जीपला चालत नाही?

आणि जीप तरी कुठली सोवळ्यातली? दुसऱ्या महायुद्धात विलिस कंपनीनं साडेतीन लाखांहून अधिक जीपगाड्या काढल्या, फोर्डनं त्याच नकाशावर पावणेतीन लाखांवर काढल्या. ब्रेकचे ड्रम नऊ इंचांचे, म्हणजे फराळाच्या ताटलीएवढे. या गाडीची ओळख के. सी. महिंद्र यांना युद्धकाळात अमेरिकेत झाली आणि १९४९ साली मुंबईत माझगावला जीपची जुळणी सुरू झाली. कंपनी १९४५ साली निघाली तेव्हा तिचं नाव ‘महिंद्र अँड महंमद’ होतं. फाळणी झाली, गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली त्यांच्या जागी नावात दुसरे ‘महिंद्र’ बसवण्यात आले. आद्याक्षरं तीच राहिल्यामुळे छापलेली कागदपत्रं वाया गेली नाहीत, असं म्हणतात. एक भाग काढून दुसरा बसवायचा, पण बोल्टची भोकं तीच ठेवायची, ही कला त्या गाडीच्या पाटीतच होती!

बोल्टवरून आठवलं. विलिसच्या चाकाला साडेपाच इंचांच्या वर्तुळावर पाच बोल्ट. जपानी वंशाच्या जिप्सीलाही तेवढ्याच वर्तुळावर तेवढेच पाच. मिस्त्रीनं हे मला दाखवलं तेव्हा दोन्ही पत्रिकांत छत्तीस गुण जुळल्यासारखा माझा चेहरा झाला.

मात्र कायदा मध्ये आला. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ : उत्पादकानं दिलेल्या तपशिलाहून वेगळी होईल अशी गाडी मालकानं बदलू नये. सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ साली हेच बजावलं आहे. मी आर.सी. बुक काढून रकाने तपासले. रंग आहे, आसनं आहेत, वजन आहे, ब्रेकचा रकाना नाही. कारकुनाच्या जगात ज्याला रकाना नाही ती वस्तू अस्तित्वात नसते. यानं मी सुटतो की अडकतो, हे मी कोणा वकिलाला विचारलं नाही. वकिलाच्या फीचाही रकाना नव्हता.

पिरंगुटात कारखाने रगड, त्यामुळे लेथही रगड. कॅलिपर धरायला जाड पोलादी ब्रॅकेट कातून आली, हब थोडा खाल्ला, नवे पॅड आले. मिस्त्री म्हणाला, "साहेब, मास्टर सिलेंडर पण बदलू. साडेतीन हजार जातील." मी म्हटलं, "जुना चालतोय ना? मग चालू दे." हे वाक्य मी बँकेत वीस वर्षं ऐकत आलो आहे. त्याची किंमत नंतर कळते.

रविवारी सहकुटुंब ताम्हिणीला निघालो. मी, ही, दोन मुलं आणि पुढे नाना. ब्रेक काय लागत होता! नुसतं बोट टेकवावं तशी गाडी थांबे, आणि सरळ थांबे. मी घोटावडे फाट्यापर्यंत दोनदा विनाकारण थांबवून दाखवली. पौडला चहाला उतरलो. नाना उतरले आणि सवयीनं पुढच्या चाकापाशी वाकले. कुठेही गाडी थांबली की हाताची पालथी बाजू चारही चाकांच्या हबजवळ नेऊन पाहायची, ही त्यांची जुनी रीत. आम्ही तिला ‘ओवाळणं’ म्हणतो.

पण हात त्यांनी झटकन मागे घेतला.

"जावईबापू, ब्रेक कितीदा मारलेत?"

"दोनदा."

"मग चाकाला ताप कशाचा?"

मी हात नेला आणि त्यांच्यापेक्षा जलद मागे घेतला. करपट वास येत होता. तो मी इतका वेळ भज्यांचा समजत होतो. नानांनी चहा संपवला आणि म्हणाले, "हे तेल उकळलं की पायाखाली नुसती वाफ राहते. पायडल जमिनीला टेकतं. ताम्हिणी उतरताना टेकलं असतं." मुलं मागे भज्यांवरून भांडत होती. ही माझ्याकडे पाहत होती, आणि काही बोलत नव्हती. लग्नानंतर अशी वेळ तिसऱ्यांदा आली असेल.

तासभर गाडी निववली आणि गिअरवर पिरंगुटला परत आणली. मिस्त्रीनं मास्टर सिलेंडर उघडून आतली एक चिमुकली झडप दाखवली. ड्रममधल्या शूंना मागे ओढणाऱ्या स्प्रिंगा असतात. ते फार मागे जाऊ नयेत म्हणून ही झडप नळीत थोडा दाब कायम राखून ठेवते. डिस्कच्या पॅडला स्प्रिंग नाही. तेवढा दाब पुरतो, आणि पॅड डिस्कला घासत बसतात. जुना मास्टर बिचारा चाळीस वर्षं शिकवलेलं काम चोख करत होता. समोरची माणसं बदलली आहेत, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आमच्या बँकेचं विलीनीकरण झालं तेव्हा मीही वर्षभर जुन्याच नमुन्यातली स्लिप भरून देत होतो. पण माझ्यामुळे कोणाचं चाक तापलं नाही.

"मी बोललो होतो साहेब," मिस्त्री म्हणाला. फार हळू म्हणाला, ते जास्त लागलं. मी साडेतीन हजार मोजले.

पुढच्या रविवारी नाना आपणहून जीपमध्ये येऊन बसले. "घाटातून जाऊन येऊ," म्हणाले. बाकी कोणाला घेऊ दिलं नाही. माथ्यावर आल्यावर "दुसऱ्यात टाका" एवढं म्हणाले. मी टाकला. निम्मा उतार गेला, मागे कोणी नाही असं त्यांनी मान वळवून पाहिलं आणि म्हणाले, "आता मारा."

मारला. जीप जागच्या जागी, सरळ उभी राहिली. डावीकडे एक इंचही नाही.

नाना काही बोलले नाहीत. पायथ्याशी मी गाडी कडेला घेतली, तसे ते उतरले, वाकले, पुढच्या दोन्ही चाकांपाशी पालथा हात नेला. मग मागच्या चाकांकडे गेले. तिथे जरा जास्त वेळ थांबले.

"हं," ते म्हणाले. "मागचे लायनर कधी बघितले होतेत?"