अंबरनाथ ते कर्जत : रुळांच्या सोबतीने, कालव्याच्या काठाने

थंडी ओसरू लागली आणि पळस फुलला, की अंबरनाथ, बदलापूर परिसरातील सायकलस्वारांना कर्जतची वाट खुणावू लागते. फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा पहिला आठवडा हा या भ्रमंतीसाठी उत्तम काळ. पुढे ऊन असह्य होते, तर पावसाळ्यात उल्हास नदीचा भरवसा नसतो.

अंबरनाथ पश्चिमेतून निघून बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड व कर्जत असा हा मार्ग आहे. लोहमार्गाने हे अंतर सुमारे ४० किलोमीटर असून रस्ता बराच काळ रुळांच्या आसपासच राहतो. उजवीकडे आधी चंदेरीचा सुळका, नंतर माथेरानचा डोंगर सोबतीला असतो. कल्याणहून पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंतचा हा लोहमार्ग १८५६ मध्ये सुरू झाला. बोरघाटातील रूळ १८६३ मध्ये खुले झाले. तोपर्यंत पुण्याकडे जाणाऱ्यांना खोपोलीला उतरून घाट चढावा लागे.

नदी आणि रूळ येथे किती निकट आहेत, याचा प्रत्यय २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर पुन्हा २७ जुलै २०१९ रोजी आला. उल्हासच्या पुरामुळे महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ अडकली आणि एक हजारांहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली.

कर्जतच्या चार फाट्यावरून कशेळे रस्ता धरला, की राजनाल्याचा परिसर लागतो. मार्चमध्ये आजूबाजूची माळराने करपलेली असताना येथे मात्र उन्हाळी भाताची हिरवीगार खाचरे दिसतात. याचे मूळ सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. आंध्रा नदीवरील ठोकरवाडी धरणाचे पाणी डोंगरातून खाली आणून टाटांच्या भिवपुरी केंद्रात १९२२ पासून वीजनिर्मिती होते. जे पाणी एरवी पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात गेले असते, ते वीज तयार करून पश्चिमेकडे वळते. त्यातील काही राजनाल्यातून शेतीला मिळते, उरलेले पेज नदीतून उल्हासला. बदलापूरच्या बॅरेज बंधाऱ्यातून जे पाणी उचलून शहरांना पुरवले जाते, त्याला उन्हाळ्यात याच पाण्याचा आधार असतो. कर्जतच्या शेतातील हिरवाई आणि आपल्या घरातील नळ यांचे नाते असे दोन चाकांवरून उमगते.

अमेरिकेत पिट्सबर्ग ते वॉशिंग्टन असा जुन्या लोहमार्गावरून व कालव्याच्या काठावरून जाणारा सुमारे ५४० किलोमीटरचा अखंड सायकलमार्ग आहे. आपल्याकडे मात्र स्वतंत्र मार्गिका नाही. रस्त्यावर अवजड वाहने असतात, तर रुळांच्या हद्दीत शिरणे हा रेल्वे कायद्यानुसार गुन्हा आहे. कालव्याचा काठ ही शेतकऱ्यांची वहिवाट आहे, याचे भान ठेवावे. नाल्यात उतरू नये आणि कचरा टाकू नये.

लक्षात ठेवा
- पहाटे निघून उन्हे चढण्यापूर्वी कर्जत गाठावे. शिरस्त्राण, पंक्चरचे साहित्य व भरपूर पाणी सोबत घ्यावे.
- भिवपुरी रोड स्थानक आणि भिवपुरी वीजकेंद्र ही ठिकाणे एकमेकांपासून दूर आहेत. पत्ता विचारताना गल्लत करू नये.
- परतीला लोकलने यायचे असल्यास सायकल नेण्याबाबतचे नियम स्थानकात आधी विचारून घ्यावेत.