व्यक्ति तितक्या मात्रा

विष आणि औषध यांतील अंतर पुष्कळदां केवळ मात्रेचें असतें. ‘रक्त पातळ करणारें’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वॉर्फरिन या औषधाचा इतिहास म्हणजे त्या मात्रेच्या शोधाचा इतिहास होय.

१९२० नंतर कॅनडांत व अमेरिकेच्या उत्तर भागांत गुरें एका विचित्र व्याधीनें मरूं लागलीं. किरकोळ जखम व्हावी आणि रक्त थांबूंच नये! स्कोफील्ड या पशुवैद्यानें याचा दोष बुरसलेल्या स्वीट क्लोव्हर चाऱ्याकडे असल्याचें दाखविलें. १९३३ सालीं विस्कॉन्सिनमधील एका शेतकऱ्यानें मेलेली कालवड आणि न गोठणारें डबाभर रक्त कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञापुढें आणून ठेवलें. १९३९ मध्यें लिंक यांच्या प्रयोगशाळेनें त्या चाऱ्यांतील घातक द्रव्य वेगळें केलें. त्याच कुळांतील वॉर्फरिन १९४८ मध्यें उंदरांचें विष म्हणून बाजारांत आलें, आणि १९५४ मध्यें अमेरिकेंत माणसांचें औषध ठरलें.

वस्तुतः या औषधानें रक्त पातळ होत नाहीं. रक्त गोठविणारीं द्रव्यें यकृतांत ‘के’ जीवनसत्त्वाच्या साहाय्यानें तयार होतात. त्या कार्यांत हें औषध अडथळा आणतें. हृदयाचे ठोके अनियमित झाले, किंवा यांत्रिक झडप बसविली, म्हणजे गुठळी होऊन ती मेंदूकडे जाण्याचें भय असतें. औषध कमी पडलें तर पक्षाघात. अधिक झालें तर रक्तस्राव. आणि एकास दिवसाला १ मिलिग्रॅम पुरे, तर दुसऱ्यास १० मिलिग्रॅमहि अपुरे!

मग मात्रा ठरावी कशी? रक्त गोठण्यास लागणारा वेळ मोजण्याची रीत आर्मंड क्विक यांनीं १९३५ मध्येंच दिली होती. परंतु प्रयोगशाळा बदलली कीं आंकडा बदले. १९८३ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें ‘आयएनआर’ हें समान माप स्वीकारलें, आणि ही अडचण सरली. अनियमित ठोक्यांच्या रोग्यांत तें बहुधा २ ते ३ च्या दरम्यान राखतात. त्यासाठीं गोळी किती लागेल, हें ज्याचें त्याचें रक्तच सांगतें.

या भिन्नतेचें एक कारण आहार व इतर औषधें, तर दुसरें आनुवंशिकता. २००४ मध्यें त्यासंबंधींचें एक महत्त्वाचें जनुक सांपडलें. मात्र जनुकांवरून मात्रा ठरविण्याचे दोन मोठे प्रयोग २०१३ मध्यें प्रसिद्ध झाले, तेव्हां युरोपांत लाभ दिसला, अमेरिकेंत दिसला नाहीं. रक्ततपासणीची गरज सरली नाहीं.

२०१० पासून नियमित तपासणीवांचून चालणारीं नवीं औषधें आलीं. तरीहि यांत्रिक झडपेच्या रोग्यांस, आणि आपल्या देशांत पुष्कळ आढळणाऱ्या, संधिवाताच्या तापानें झडप अरुंद झालेल्या रोग्यांस, वॉर्फरिनच्या वर्गांतील औषधांचाच आधार आहे. अशा घरांनीं एवढें अवश्य पाळावें: शेजाऱ्याच्या गोळीवरून आपली मात्रा ठरवूं नये, पालेभाजी एकाएकीं वाढवूं वा सोडूं नये, आणि तपासणीचा दिवस चुकवूं नये.