हळदीचा डाग आणि पेनिसिलिन

लीड्सच्या किचनमध्ये शर्टावर वरण सांडतं, तुम्ही साबण लावता आणि पिवळा डाग लाल होतो. घाबरू नका. अल्कली लागली की हळद लाल होते. हळद-चुन्याचं कुंकू होतं ते यामुळेच. सगळ्यात स्वस्त रंगचाचणी ती हीच!

१९५४ साली पुण्याजवळ पिंपरीत सरकारी हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९५५ पासून तिथे पेनिसिलिन बनू लागलं. औषध खरंच बाटलीत आहे का, हे कसं ओळखायचं? त्या काळची एक पद्धत अशी: पेनिसिलिन आयोडीनला हात लावत नाही; पण त्याचं वलय तोडलं की ते आयोडीन खाऊन टाकतं आणि स्टार्चचा निळा रंग उडतो.

१९७०च्या दशकात प्रश्न उलटला: नको तिथे, म्हणजे दुधात, ते आहे का? डच डेल्वोटेस्टमध्ये जिवाणू वाढले की आम्ल तयार होऊन जांभळा रंग पिवळा होतो. जांभळाच राहिला, तर दुधात अँटिबायोटिक असण्याची शंका.

नदीत मात्र हे अवशेष बहुतेकदा फारच विरळ असतात, आणि तेवढ्यावरही जिवाणू प्रतिकार शिकू शकतात. म्हणून पट्टीचा रंग बदलला नाही, तरी लगेच निश्चिंत होऊ नका.