स्नानगृहातील ओल

स्नानगृहातील ओल म्हणजे न्हाणीघराच्या भिंती, छत, फरशी किंवा तेथील हवा यांत पाण्याचा अंश दीर्घकाळ टिकून राहण्याची अवस्था होय. आंघोळीनंतर काही वेळ पृष्ठभाग ओले असणे स्वाभाविक आहे. मात्र दुसऱ्या दिवसापर्यंतही ते कोरडे होत नसतील, तर बुरशी, शेवाळ, गिलाव्याचे पोपडे, चौकटीचे लाकूड कुजणे आणि काँक्रीटमधील सळया गंजणे असे परिणाम दिसू लागतात. ओलीचे उगम अनेक असतात व प्रत्येकाचा उपाय निराळा असतो. उगम न शोधता केलेली रंगरंगोटी ओल झाकते, थांबवत नाही. हवामान आणि जमीन यांनुसारही ओलीचे स्वरूप बदलते. विदर्भातील वर्धा जिल्हा हे त्याचे एक उदाहरण आहे.

ओलीचे प्रकार

उगमानुसार ओलीचे चार मुख्य प्रकार मानले जातात.

सांद्रीभवनाची ओल: उष्ण हवा थंड हवेपेक्षा अधिक बाष्प धरून ठेवते. १५° से. तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १३ ग्रॅम, तर ३०° से. तापमानाला सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. गरम पाण्याची वाफ थंड भिंतीला, आरशाला किंवा छताला लागली की जास्तीचे बाष्प पाण्याच्या थेंबांच्या रूपाने तेथे जमते.

गळतीची ओल: भिंतीत गाडलेली नळवाहिनी, सांडपाण्याच्या पाइपचे सांधे किंवा फरशीच्या फटी यांतून पाणी झिरपते.

जमिनीतून चढणारी ओल: विटा, माती व गिलावा यांतील सूक्ष्म छिद्रांतून केशाकर्षणाने पाणी वर चढते. पाणी वाळल्यावर त्यातील क्षार मागे राहून भिंतीवर पांढरा लोणा फुटतो.

पावसाची ओल: गच्ची, बाहेरील भिंतीच्या भेगा व खिडकीच्या कडा यांतून पावसाचे पाणी आत येते.

वर्धा जिल्ह्यातील परिस्थिती

जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे १,००० मि.मी. पाऊस पडतो व त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या काळात पडतो. या महिन्यांत बाहेरची हवाच दमट असल्याने केवळ खिडकी उघडून भिंती लवकर वाळत नाहीत. डिसेंबर-जानेवारीतील थंड सकाळी गरम पाण्याच्या आंघोळीमुळे सांद्रीभवन वाढते. याउलट एप्रिल-मे महिन्यांत तापमान अनेकदा ४५° से.च्या आसपास पोहोचते आणि हवा अतिशय कोरडी असते. त्यामुळे उन्हाळ्यात नाहीशी झालेली ओल पावसाळ्यात पुन्हा प्रकट होते व दोष दुरुस्त झाल्याचा गैरसमज होतो. भर उन्हाळ्यातही ओला राहणारा डाग मात्र बहुधा गळतीचा निदर्शक असतो.

विदर्भात उन्हाळ्यात वापरला जाणारा कूलर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा थंड करतो. कोरड्या हवेत तो उपयुक्त ठरतो. पावसाळा सुरू झाल्यावर मात्र त्याने गारवा फारसा मिळत नाही आणि घरातील दमटपणा वाढतो. अशा वेळी कूलरचा पंप बंद ठेवून केवळ पंखा चालवणे हितकर असते.

जिल्ह्याचा बराच भाग बेसाल्ट खडकापासून बनलेल्या काळ्या जमिनीचा आहे. ही माती पाण्याने फुगते व वाळल्यावर आकसून भेगाळते. पाया पुरेसा खोल, मुरमापर्यंत किंवा कठीण थरापर्यंत नेलेला नसल्यास या हालचालीने भिंतींना तडे जातात, फरशी खचते आणि पाइपचे सांधे सुटतात. काळ्या मातीत पाणी सावकाश मुरते; त्यामुळे भिंतीलगत खणलेला शोषखड्डा तुडुंब राहून ते पाणी पायाकडे परतू शकते.

पारंपरिक बांधकाम

महात्मा गांधी १९३६ मध्ये वर्ध्याजवळील शेगाव येथे राहण्यास आले. पुढे या गावाला सेवाग्राम हे नाव मिळाले. तेथील बापू कुटी माती, बांबू, लाकूड व कवेलू या स्थानिक साहित्याने बांधलेली असून तिला जोडूनच स्नानगृह व शौचालय आहे. मातीची भिंत हवेतील बाष्प शोषून घेते व हवा कोरडी झाल्यावर ते परत सोडते; परंतु थेट पाण्याच्या माऱ्यापुढे ती टिकत नाही. म्हणून अशा बांधकामात छताच्या वळचणी भिंतीपुढे बऱ्याच अंतरापर्यंत काढलेल्या असतात, जोते उंच ठेवले जाते आणि भिंतींचे नियमित सारवण-लिंपण केले जाते.

मातीच्या घरांवर वर्ध्याजवळील दत्तपूर येथील ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानेही काम केले आहे. ही संस्था देवेंद्रकुमार यांनी १९७६ मध्ये स्थापन केली.

उगम ओळखणे

डाग केव्हा वाढतो, यावरून पहिला अंदाज बांधता येतो. आंघोळीनंतर दिसून काही तासांत जाणारा ओलावा सांद्रीभवनाचा, पावसानंतर वाढणारा डाग बाहेरच्या पाण्याचा, जमिनीलगतचा लोणा लागलेला पट्टा चढत्या ओलीचा आणि सतत राहणारा डाग नळवाहिनीच्या गळतीचा असण्याची शक्यता असते.

संशयित भागावर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून एक-दोन दिवस ठेवावा. पाण्याचे थेंब खोलीकडील पृष्ठभागावर आढळल्यास ओल हवेतील बाष्पाची असते. भिंतीकडील बाजूस आढळल्यास ती भिंतीतून येत असते. घरातील सर्व नळ बंद असतानाही पाण्याचे मीटर फिरत असेल, तर नळवाहिनी गळत असते. फरशी तपासण्यासाठी मोरीची जाळी बंद करून दोन-तीन सें.मी. पाणी २४ तास साठवतात व खालच्या छताचे निरीक्षण करतात.

उपाय

सांद्रीभवनावर वायुवीजन हा मुख्य उपाय आहे. खिडकी किंवा उंचावरील झरोका खुला ठेवावा. एक्झॉस्ट फॅन आंघोळीनंतरही १५ ते २० मिनिटे चालू ठेवावा. बाहेर जाणाऱ्या हवेच्या जागी नवी हवा यावी यासाठी दाराखाली थोडी फट लागते; ती नसल्यास पंखा फिरूनही हवा बदलत नाही. पावसाळ्यात वायपरने फरशी व भिंतींवरील पाणी निथळवणे विशेष उपयोगी पडते, कारण जाळीतून वाहून गेलेल्या पाण्याचे बाष्प होत नाही. ओले कपडे स्नानगृहात वाळत घालू नयेत.

गळतीसाठी पाइप किंवा सांधा दुरुस्त करणे अपरिहार्य असते. फरशीचा उतार जाळीकडे, दर मीटरला साधारणतः १ ते २ सें.मी. असावा. टाइल्सच्या फटी भरल्याने वरवरचा पाझर थांबतो. फरशीखालील जलरोधक थर निकामी झाला असल्यास फरशी काढून तो नव्याने करावा लागतो.

चढत्या ओलीसाठी नव्या बांधकामात जोत्याच्या पातळीवर ओलरोधक थर देतात. जुन्या घरात भिंतीलगतचे सांडपाणी दूर नेणे ही पहिली पायरी होय.

जलरोधनाची कामे पावसाळ्यापूर्वी करणे सोयीचे असते. मात्र उन्हाळ्यात सिमेंटचे पाणी झपाट्याने उडत असल्याने नव्या गिलाव्यावर वारंवार पाणी मारावे लागते. भिंत पूर्ण वाळण्यापूर्वी रंग दिल्यास त्याचे पोपडे निघतात.

आरोग्य व सुरक्षितता

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार दमट घरांत राहणाऱ्यांमध्ये खोकला, श्वास घेताना घरघर होणे व दमा यांचे प्रमाण अधिक आढळते.

बुरशी साफ करताना हातमोजे व मुखपट्टी वापरावी. ब्लीच आणि आम्लयुक्त शौचालय-स्वच्छक कधीही एकत्र करू नयेत. त्यांतून विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. ओल्या भिंतीतील वीजजोडणीमुळे धक्का बसू शकतो. म्हणून गिझरला योग्य अर्थिंग व गळती-प्रवाह खंडक असणे आवश्यक आहे.

गॅस गिझर बंद स्नानगृहात वापरणे प्राणघातक ठरू शकते. अपुऱ्या हवेत गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला वास नसल्याने धोका लक्षात येण्यापूर्वीच व्यक्ती बेशुद्ध होऊ शकते. त्यामुळे असा गिझर स्नानगृहाबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. थंडी किंवा पावसाचे पाणी अडवण्यासाठी स्नानगृहाचे झरोके कायमचे बुजवणे ओलीच्या दृष्टीनेही चुकीचे असते.